मंत्र चुकीचा आहे

१९९५ सालच्या मे महिन्यात मुंबईचे काका सांगलीला आले, तेव्हा त्यांनी दादासाठी आणि माझ्यासाठी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता. मी पाचवी संपवून सहावीत जाणार होते आणि दादा नववीत. गेमबरोबर तीन कॅसेटी होत्या. खेळाच्या त्या प्लास्टिकच्या चौकोनी डबीला तेव्हा सगळीच मुले कॅसेट म्हणत. दोन कॅसेटींत उड्या मारण्याचे आणि गोळ्या झाडण्याचे खेळ होते व ते आठवड्याभरात आमच्या हाताखालून गेले. तिसरी कॅसेट लावली की मात्र काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघांच्या चौकटी उघडत आणि त्यांत आम्हांला न वाचता येणारी अक्षरे टपटप आवाज करत एकेक उमटत. एक राजा सिंहासनावर बसलेला होता, त्याच्यापुढे आमचा छोटा शिपाई उभा होता आणि दालनाचे दार बंद होते.

त्या दालनातून बाहेर पडायला आम्हांला पाच दिवस लागले. बटण दाबले की आठ ओळींची एक यादी उघडे आणि त्यांतली कोणती ओळ निवडल्यावर काय होते, हे आम्ही पाठीमागे वही घेऊन तपासत असू. दालनात तीन पेट्या होत्या. पेटीवर उभे राहून यादीतली एक विशिष्ट ओळ निवडली तरच पेटी उघडे. दारासाठी दुसरी ओळ, आणि जिन्यावर पाऊल ठेवले तरी तिसरी ओळ निवडल्याशिवाय शिपाई खाली उतरत नसे. बोलण्याची ओळ निवडल्यावर आणखी एक चौकट उघडून चार दिशांपैकी कोणत्या दिशेच्या माणसाशी बोलायचे, असे विचारले जाई. ‘बोलणे’, ‘दार’, ‘जिना’, ‘घेणे’ असे साधे चार शब्द वाचता आले असते, तर हे सगळे पाच मिनिटांचे काम होते. आम्ही मात्र त्या शब्दांचे आकार लक्षात ठेवले आणि अजूनही मला ते त्या काळ्या पडद्यावर होते तसेच डोळ्यांसमोर दिसतात.

बाहेर पडून आम्ही राक्षसांशी लढलो, पैसे मिळवले, एक सोटा विकत घेतला. पण रात्री आईने टीव्ही बंद करायला लावला की दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागे. मग दादाच्या लक्षात आले की राजाशी परत जाऊन बोलले, की तो वीस अक्षरांची एक मालिका देतो. पहिल्या ओळीत पाच, मग सात, मग पाच, मग तीन. आणि खेळ नव्याने सुरू करताना अशीच वीस अक्षरे भरायची जागा असते. ही खेळ जपून ठेवण्याची युक्ती आहे हे दादाने ओळखले, म्हणून मी गणिताची चौकटीची वही घेऊन टीव्हीपुढे मांडी घालून बसले आणि एकेका चौकटीत एकेक अक्षर चित्र काढावे तसे उतरवून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ती अक्षरे जशीच्या तशी भरली, तर पडद्यावर एक छोटे वाक्य आले आणि खेळ उघडलाच नाही. त्या सुट्टीत मी असे अकरा मंत्र उतरवले व त्यांतला एकही चालला नाही. ते छोटे वाक्यही मी वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवले, कारण ते आम्हांला काय सांगते आहे, हे कधीतरी कोणीतरी वाचून दाखवील असे मला वाटत होते. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि गेम माळ्यावर गेला.

इंजिनिअरिंगसाठी २००२ मध्ये पुण्याला आल्यावर नेट कॅफेत बसून मी त्या खेळाचा माग काढला. तो ‘ड्रॅगन क्वेस्ट’ मालिकेतला पहिला खेळ होता, १९८६ साली जपानमध्ये निघालेला, आणि आमची कॅसेट त्याची नकली प्रत होती. १९८९ मध्ये तो अमेरिकेत इंग्रजीतून ‘ड्रॅगन वॉरियर’ या नावाने आला, पण तिथल्या कॅसेटीत बॅटरी घालून खेळ जपण्याची सोय केलेली होती. म्हणजे वीस अक्षरांचा तो मंत्र इंग्रजीत कधी उतरलाच नाही. हे वाचताना मला जे वाटले त्याला तेव्हा नाव देता आले नाही. आज सांगायचे तर, मी उतरवून घेतलेल्या गोष्टीला दुसऱ्या भाषेत अस्तित्वच नाही, याची ती पहिली जाणीव होती.

त्याच शोधात मला कळले की जपानी रोल प्लेइंग गेम, म्हणजे ज्यांना आवड असलेले सगळे नुसते आरपीजी म्हणतात ते कथेवर चालणारे लांबलचक खेळ, यांचा मोठा भाग इंग्रजीत आलेलाच नाही. ‘ड्रॅगन क्वेस्ट’चे पहिले चार भाग अमेरिकेत गेले, पण १९९२ चा पाचवा भाग इंग्रजीत यायला २००९ उजाडले. ‘फायनल फँटसी’चा दुसरा, तिसरा आणि पाचवा भाग त्यांच्या काळात गाळले गेले, त्यामुळे तिथे ‘दोन’ म्हणून विकला गेलेला खेळ खरा चौथा होता आणि ‘तीन’ म्हणून विकला गेलेला सहावा. १९९५ चा ‘सेइकेन देन्सेत्सु ३’ अधिकृतपणे इंग्रजीत आला तो २०१९ मध्ये, आणि १९९४ चा ‘लिव्ह अ लिव्ह’ २०२२ मध्ये. एखाद्या मुलाने दहाव्या वर्षी ज्या खेळाचे चित्र मासिकात पाहिले, तो त्याला वाचता येईल अशा भाषेत त्याच्या अडतिसाव्या वर्षी मिळाला, असा या आकड्यांचा अर्थ होतो.

कारणे होती आणि ती खोटी नव्हती. जपानी लिपीत तीन-चार अक्षरांत एक शब्द मावतो. ‘दोगु’ म्हणजे सामान, हा शब्द हिरागाना या जपानी लिपीत तीन अक्षरांचा. तोच आशय इंग्रजीत मांडायला सहसा बरीच अधिक जागा लागते, आणि त्या काळच्या कॅसेटीत जागेचा इंच न् इंच मोजलेला असे. चौकटींची लांबी-रुंदी ठरलेली, यादीतल्या ओळींची लांबी ठरलेली, त्यामुळे मजकूर बदलायचा म्हणजे खेळाची आतली बांधणीही उकलावी लागे. शिवाय पळण्याच्या किंवा मारामारीच्या खेळात भाषांतर दोन पानांचे असते, तर आरपीजीमध्ये ते जाडजूड कादंबऱ्यांच्या चळतीएवढे असते. ते करून होईपर्यंत यंत्राची नवी पिढी बाजारात आलेली असते आणि जुन्या यंत्रावरचा खेळ कोण घेईल, अशी शंका प्रकाशकाला येते. हे सगळे मला समजत होते. पण एखादी कथा अस्तित्वात आहे, ती पूर्ण झालेली आहे, लाखो लोकांनी ती वाचली आहे आणि मला ती वाचता येत नाही, ही तळमळ कारणे समजल्याने कमी होत नाही.

माझ्या बाबतीत ही तळमळ एका खेळावर येऊन थांबली. २० एप्रिल २००६ रोजी जपानमध्ये हातात धरून खेळायच्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर ‘मदर ३’ आला. त्याचे लेखन शिगेसातो इतोइ यांचे. या मालिकेतला दुसरा खेळ अमेरिकेत ‘अर्थबाउंड’ नावाने आलेला होता आणि तो मी मैत्रिणीच्या संगणकावर रात्री जागून संपवला होता. तिसऱ्याची मी कॉलेजची चारही वर्षे वाट पाहिली होती. तो निघाल्यावर मैत्रिणीचा भाऊ कंपनीच्या कामासाठी योकोहामाला होता, त्याला सांगून मी कॅसेट मागवली. गेम बॉयला देशाचे कुलूप नसते, कोणत्याही देशातली कॅसेट कोणत्याही यंत्रात चालते. गेम बॉय अ‍ॅडव्हान्स माझ्याकडे होताच. इंग्रजी आवृत्ती येईल तेव्हा तीही घेऊ, तोपर्यंत ही जवळ असू दे, असे मी ठरवले. वर्ष गेले. गेम बॉयची जागा तोवर नव्या दोन पडद्यांच्या यंत्राने घेतली होती आणि इंग्रजीची घोषणा काही होत नव्हती. मी अधूनमधून कॅसेट लावून सुरुवातीचे संगीत ऐके, नावे भरायची पाने पाही आणि बंद करी. दादाच्या शेजारी बसून जे केले होते, तेच मी बाविसाव्या वर्षी एकटी करत होते.

जुलै २००७ मध्ये मी पुण्यात जपानीच्या वर्गात नाव घातले. पुण्यात जपानी शिकणे ही नवलाची गोष्ट नव्हती. निम्मा वर्ग नोकरीत बढती मिळेल या आशेने आलेला होता. बाईंनी कारण विचारल्यावर मी खरे तेच सांगितले. त्या हसल्या नाहीत. ‘एक वर्ष दे,’ एवढेच म्हणाल्या.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी फळ्यावर हिरागानाचा तक्ता काढला आणि वरून खाली वाचून दाखवला: आ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. मग त्यांनी आम्हांला आपली वर्णमाला म्हणायला सांगितली. बौद्ध भिक्षूंबरोबर सिद्धम् लिपी आणि संस्कृतचे वर्णज्ञान जपानला पोहोचले आणि त्या क्रमावरूनच हा तक्ता लावला गेला. तक्त्यातल्या ‘स’च्या जागी आपला च-वर्ग आहे, ‘ह’ची ओळ फार पूर्वी ‘प’ अशी उच्चारली जाई, म्हणून ती ‘न’ आणि ‘म’ यांच्यामध्ये, नेमकी आपल्या प-वर्गाच्या जागी बसलेली आहे. मी बारा वर्षांपूर्वी चित्रांसारखी उतरवलेली अक्षरे अंगणवाडीत पाठ केलेल्या क्रमाने उभी होती, हे पाहून मला भरून आले.

त्याच संध्याकाळी मी सांगलीला फोन करून आईला माळ्यावरची गणिताची वही शोधायला सांगितले. पुढच्या रविवारी ती हातात आली. शेवटच्या पानावरचे वाक्य मी तक्त्यावर बोट ठेवत वाचले: ‘जुमोन गा चिगाइमासु.’ मंत्र चुकीचा आहे. मंत्र का चुकत होता, हेही दोन आठवड्यांनी कळले. क, स, त आणि ह या ओळींतल्या अक्षरांच्या डोक्यावर दोन बारीक ठिपके दिले, की त्यांचे ग, झ, द आणि ब होतात. त्या काळच्या खेळांत हे ठिपके अक्षराला चिकटून न येता वरच्या रिकाम्या ओळीत सुटे दिसत. आमच्या काळ्या-पांढऱ्या पोर्टेबल टीव्हीवर असे ठिपके सगळीकडेच असत, म्हणून मी अक्षरे काळजीपूर्वक उतरवली आणि ठिपके टीव्हीतली धूळ समजून सोडून दिले. त्या मंत्रात एकूण चौसष्ट अक्षरे वापरली जातात आणि त्यांतली वीस ठिपक्यांची असतात. ठिपके गाळून एखादा मंत्र बरोबर येणे जवळजवळ अशक्यच होते.

व्याकरण सुरू झाल्यावर मी इंग्रजीतून लिहिलेले पाठ्यपुस्तक बाजूला ठेवले आणि वहीत सरळ मराठीतून टिपणे काढू लागले. इंग्रजीतून समजून घेताना प्रत्येक वाक्य आधी उलटे करावे लागे. ‘किनो किता हितो’ म्हणजे ‘काल आलेला माणूस’: तीन शब्दांना तीन शब्द, त्याच क्रमाने. ‘इकिमासु का’ म्हणजे ‘जाता का’, आणि प्रश्नाचा तो ‘का’ दोन्ही भाषांत वाक्याच्या शेवटी. ‘ताबेते मिरु’ यातल्या ‘मिरु’चा अर्थ पाहणे, आणि सबंध प्रयोगाचा अर्थ ‘खाऊन बघणे’. ‘शिते ओकु’ यातल्या ‘ओकु’चा अर्थ ठेवणे, आणि प्रयोगाचा अर्थ ‘करून ठेवणे’. ‘वासुरेते शिमात्ता’ हे इंग्रजीत सांगायला पाठ्यपुस्तकाला अर्धे पान लागले होते. मला ‘विसरून बसले’ एवढे पुरले, आणि त्यात जी हळहळ आहे तीही आली. मराठी जिथे कमी पडते अशा जागाही होत्या. बोलणारा स्वतःला ‘बोकु’ म्हणतो, ‘ओरे’ म्हणतो की ‘वाशि’ म्हणतो, यावरून त्याचे वय आणि तोरा कळतो. आपल्याकडे एकच ‘मी’ आहे. पण बारा वर्षे मी ज्या दाराशी उभी होते ते इंग्रजीचे दार होते, आणि माझ्या घरातून जपानीकडे जाणारी वाट त्या दारावरून जात नव्हती, हे मला त्या वहीने दाखवले.

डिसेंबरमध्ये मी जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेची सर्वांत खालची पातळी दिली. तेव्हा तिच्या चारच पातळ्या होत्या, २०१० पासून त्या पाच झाल्या. परीक्षा झाली त्याच आठवड्यात मी ‘मदर ३’ सुरू केला. या मालिकेतला मजकूर कांजी, म्हणजे चिनीवरून आलेली शब्दचिन्हे, न वापरता केवळ कानात, म्हणजे हिरागाना व काताकानात लिहिलेला आहे आणि शब्दांमध्ये मोकळी जागा सोडलेली आहे. त्यामुळे माझ्यासारखीला तो वाचता येत होता. पण कांजी नसल्यामुळे एकाच उच्चाराचे शब्द वेगळे ओळखता येत नाहीत. ‘हाशि’ म्हणजे पूल, जेवायच्या काड्या किंवा कड. यातले कोणते, हे संदर्भावरून ठरवायचे. खेळातली चौकट बटण दाबेपर्यंत थांबून राहते, ही मोठी सोय होती. मी चौकट पुढे ठेवून वाक्य वहीत उतरवी, शब्दकोशात शब्द शोधी, उजव्या बाजूला मराठी लिही आणि मग बटण दाबी. पहिल्या रात्री दोन तासांत अकरा चौकटी झाल्या. त्या अकरा चौकटींत आजोबांचे घर आणि दोन जुळे भाऊ एवढेच होते, आणि मी कितीतरी वर्षांनी खऱ्या अर्थाने खेळत होते.

पहिल्या प्रकरणात एक प्रसंग आहे. (खेळ खेळायचा असेल त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.) जंगलात आग लागून गेलेली आहे, रात्र आहे, तात्सुमाइरि गावातली माणसे शेकोटीभोवती जमलेली आहेत आणि दोन्ही मुले तिथेच बसलेली आहेत. मुलांचे वडील फ्लिंट, त्याची बायको हिनावा हिचा शोध चाललेला आहे. एक गावकरी येऊन फ्लिंटला सांगतो की एक चांगली बातमी आहे आणि एक वाईट. चांगली बातमी ही की एक भक्कम हत्यार सापडले आहे. वाईट बातमी आहे ती ते कुठे सापडले, याची. मी हे शब्दशः शब्दकोश हातात धरून वाचत होते. जपानीत क्रियापद मराठीसारखेच शेवटी येते. कोणाच्या, कशात, हे आधी कळते आणि काय झाले ते अगदी शेवटच्या शब्दात. मी ‘छाती’ शोधला, लिहिला, मग क्रियापद शोधायला पाने उलटू लागले आणि ते सापडण्याआधीच मला समजले होते. तरीही मी ते शोधले आणि उजव्या बाजूला ‘रुतलेला होता’ असे लिहिले. त्यापुढच्या चौकटी मी त्या रात्री वाचल्या नाहीत.

या खेळाच्या जाहिरातीत त्याचे वर्णन करताना ‘सेत्सुनाइ’ हा शब्द वापरलेला होता. शब्दकोशांत त्याच्यापुढे दुःखद, क्लेशकारक असे अर्थ मिळतात आणि ते सगळे थोडे बाजूला पडतात. मी त्याच्यासमोर ‘जीव तुटतो असे’ लिहून ठेवले आहे आणि अजून मला त्याहून बरे काही सापडलेले नाही.

मी सहाव्या प्रकरणाच्या आसपास होते, तेव्हा १७ ऑक्टोबर २००८ रोजी चाहत्यांनी केलेले संपूर्ण इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. क्लाइड मॅन्डेलिन या व्यावसायिक भाषांतरकाराच्या पुढाकाराने स्वयंसेवकांनी जवळजवळ दोन वर्षे कोणतेही मानधन न घेता ते केले होते. मी निश्चय करून ते दूर ठेवले, जानेवारीत माझा खेळ संपवला आणि मग ते सुरुवातीपासून वाचले. ते फार चांगले आहे. ज्या जागी मी अडखळून नुसता अर्थ लिहिला होता, तिथे त्यांनी माणसाचा आवाज ऐकू येईल असे वाक्य लिहिलेले होते. मॅन्डेलिन यांनी पुढे २०१३ मध्ये हे भाषांतर अधिकृत आवृत्तीसाठी विनामूल्य वापरू देण्याची तयारी जाहीरपणे दाखवली. तरीही आवृत्ती आली नाही. त्या माणसांनी रात्री जागून केलेल्या कामाला अधिकृत कव्हर मिळायला हवे होते, असे मला आजही मनापासून वाटते.

तसे एकदा घडले, म्हणून ते अशक्य नाही हेही सांगितले पाहिजे. ‘लेजेंड ऑफ हीरोज’ मालिकेतला ‘ट्रेल्स इन द स्काय’ मी २०११ मध्ये पीएसपी या हातात धरायच्या यंत्रावर इंग्रजीतून खेळले. जपानमध्ये तो २००४ चा. त्याचा शेवट अशा जागी होतो की पुढचा भाग हाती नसेल तर झोप लागू नये. जपानी वाचकांना पुढचा भाग २००६ मध्ये मिळाला होता, इंग्रजीत तो २०१५ मध्ये आला. त्यानंतरच्या ‘झिरो’ आणि ‘आओ’ या दोन खेळांची, क्रॉसबेल शहराच्या कथेची अवस्था याहून वाईट झाली. जपानमध्ये ते २०१० आणि २०११ चे. इंग्रजीत त्यांना ओलांडून २०१५ मध्ये थेट पुढची मालिका आणली गेली. जोडलेल्या कादंबरीचे दोन खंड वगळून पुढचा खंड हातात द्यावा, तसे ते होते. नव्या मालिकेतली माणसे क्रॉसबेलमध्ये काय घडले याबद्दल बोलत आणि वाचणाऱ्याला मूळ घटना ठाऊक नसे. मी तोवर मूळ जपानी वाचू शकत होते, म्हणून ‘झिरो’ मागवला आणि कांजीसह तो वाचायला दीड वर्ष लावले. इतरांसाठी पुन्हा स्वयंसेवकच धावले. जिओफ्रंट या त्यांच्या गटाने २०२० आणि २०२१ मध्ये दोन्ही खेळांची भाषांतरे पूर्ण केली, आणि २०२२ व २०२३ मध्ये निघालेल्या अधिकृत इंग्रजी आवृत्त्या त्यांच्याच भाषांतरावर आधारलेल्या आहेत.

मी आता जपानीतून तांत्रिक कागदपत्रांचे भाषांतर करून पोट भरते. यंत्राच्या माहितीपुस्तकातले एक पान नीट उतरवायला किती वेळ जातो, त्यानंतर ते किती जणांच्या नजरेखालून जाते आणि त्याचा हिशेब अक्षरांवर कसा होतो, हे मला रोजच्या कामाने शिकवले आहे. त्यामुळे प्रकाशकाने आकडेमोड करून एखादा खेळ सोडून दिला, तर मी त्याला दुष्ट म्हणणार नाही. पण ‘मग जपानी शिका’ हा सल्ला जेव्हा कोणी देते, तेव्हा मला तो पटत नाही, आणि मी ती भाषा शिकले आहे म्हणून तर मुळीच पटत नाही. मला वेळ मिळाला, शिकवणारी बाई मिळाली, फी भरणारे वडील मिळाले. सांगलीच्या त्या खोलीत बसलेल्या दोन मुलांकडे यातले काहीच नव्हते, आणि खेळ त्यांच्यासाठीही लिहिलेला होता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘मदर ३’ निन्टेन्डो कंपनीच्या ऑनलाइन सेवेत जपानमधल्या सदस्यांसाठी पुन्हा उपलब्ध झाला. मूळ खेळ निघाल्यापासून अठरा वर्षांनी, आणि या वेळीही इंग्रजीवाचून. त्या दिवाळीत मी सांगलीला गेले होते. दादाची मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. तिला मी खेळ लावून दिला आणि शेजारी बसून प्रत्येक चौकट मराठीत सांगत गेले. वही लागली नाही. तिसऱ्या दिवशी तिने आतल्या खोलीत ठेवलेली माझी गणिताची जुनी वही काढून आणली आणि हे काय, असे विचारले. मी तिला मंत्राची आणि ठिपक्यांची हकिकत सांगितली.

‘आत्या, मग ठिपके कुठे होते ते आपण शोधून काढू ना,’ ती म्हणाली.

अकरा मंत्रांपैकी ज्यात ठिपके घेऊ शकणारी अक्षरे सर्वांत कमी होती, असा एक आम्ही निवडला. त्यात अशी आठ अक्षरे होती. प्रत्येकावर ठिपके आहेत किंवा नाहीत, म्हणजे एकूण दोनशे छप्पन्न शक्यता. तिने त्यांचा तक्ता केला. माळ्यावरचा गेम निघाला, कॅसेटीचे दात दादाने स्पिरिटने पुसले, आणि चार संध्याकाळी आम्ही आळीपाळीने मंत्र भरत बसलो. ती खुणा करत होती, मी भरत होते. ‘जुमोन गा चिगाइमासु’ हे वाक्य तिलाही वाचता येऊ लागले. मंत्राच्या पोटातच पडताळणीची सोय असते, म्हणून चुकीचा मंत्र सहसा उघडत नाही. तरी शहाण्णवाव्या खेपेला एक उघडला. तिने टाळ्या वाजवल्या, पण चौकटीतले नाव पाहिल्यावर मी तिला थांबवले, कारण ते आमचे नाव नव्हते. योगायोगाने कोणा दुसऱ्याच शिपायाचे दार उघडले होते.

आम्ही नाव काय ठेवले होते ते मला पक्के ठाऊक होते. १९९५ मध्ये नाव भरायचे पान आले, तेव्हा अक्षरे वाचता येत नसल्यामुळे मी पहिल्याच अक्षरावर चार वेळा बटण दाबले होते. एकशे एकाहत्तराव्या खेपेला पडदा काळा झाला, राजाचे दालन उघडले आणि वरच्या चौकटीत ‘आआआआ’ अशी चार अक्षरे दिसली. दादा स्वयंपाकघरातून पळत आला. राजाच्या तोंडचा मजकूर टपटप उमटू लागला.

‘आत्या, काय म्हणतोय तो?’

‘म्हणतोय, परत आलास, बरे झाले. आणि पुढच्या पायरीला अजून किती लढायचे ते सांगतोय,’ मी म्हणाले, आणि आकडा तिने स्वतःच वाचला.